मासा लागतो, पण होडीत येत नाही: वाऱ्यावर सोडलेल्या होडीतला नेहमीचा बिघाड

तक्रार अशी असते. इंजिन बंद केलं, वल्ही आत घेतली, होडी वाऱ्यावर सोडली. आमिष तळाला. अर्ध्या तासाने काठीला दणका बसतो, रील कर्रकन ओरडते, काठीची कमान होते, आणि मोजून दहा-पंधरा सेकंदांत दोरी सैल पडते. गुंडाळून बघावं तर नुसतं टोक. एकदा झालं तर म्हणावं नशीब. दर दुसऱ्या खेपेला तेच होत असेल तर तो बिघाड आहे, आणि बिघाड म्हटला की तो शोधता येतो.

माझं माजलगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सुटी मिळाली की मी सिंदफणेवरच्या धरणावर असतो. तीन हिवाळे मी वर लिहिलेला प्रकार सोसला आणि त्यावर पैसेही भरपूर घातले. आधी दोरी जाड केली, मग गळ बदलले, मग काठी बदलली. मासे सुटतच राहिले. ज्यांच्या होडीत मी जातो ते मामा भोई समाजातले, मच्छीमार संस्थेचे जुने सभासद. त्यांनी तिसऱ्या वर्षी, मी नवीन दोरीचं रीळ अभिमानाने दाखवत असताना, बिडी विझवून एवढंच म्हटलं, "मिस्तरी, मासा दोरी तोडीत नाही. होडी तोडती."

हे मला कळायला खरं तर सोपं जायला हवं होतं. दुकानात रोज तेच बघतो. शेतकरी जळालेली मोटार पुढ्यात टाकून म्हणतो, "कंपनीने खराब दिली." मी ती उघडतो. सगळ्या गुंडाळ्या सारख्या काळ्या असतील तर मोटारीवर लोड जास्त पडला. काही काळ्याठिक्कर आणि उरलेल्या तांब्यासारख्या चकचकीत असतील तर एक फेज गेली होती आणि मोटार दोन फेजवर घुंघुं करत बसली होती. मोटारीचा दोष नसतोच, तो खांबावर असतो. जळालेली वायर सगळं सांगते. तुटलेली दोरीही सांगते, पण ती टोकं मी तीन वर्षं पाण्यात फेकून देत होतो.

तेव्हा पहिलं काम हेच. यापुढे तुटलेलं टोक फेकू नका. बोटभर तुकडा कापून काडेपेटीत ठेवा आणि घरी आल्यावर उजेडात बघा.

टोक कुरळं, स्प्रिंगसारखं पिळलेलं असेल तर दोरी तुटलेलीच नाही, गाठ सरकून सुटली आहे. तंगूस, म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी, गुळगुळीत असतो. गाठ ओली न करता आवळली की घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो. थुंकी लावा, सावकाश आवळा, शेपूट थोडं सोडून कापा. दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवायची, साधी गाठ मारायची आणि त्या फासातून अख्खा गळ काढून ओढायचं, ही पालोमर म्हणतात ती गाठ अंधारातही मारता येते आणि सहसा सरकत नाही.

टोक सरळ तुटलेलं, आणि त्यामागची दोन-तीन इंच दोरी बोटांत धरल्यावर बारीक झाल्यासारखी वाटत असेल, तर ओढ जास्त झाली. म्हणजे रीलचा ब्रेक घट्ट होता. त्याचं पुढे बघू.

टोक खरखरीत, पांढुरकं, एका अंगाने सोलल्यासारखं असेल तर दोरी घासली. किती लांबवर घासली तेही बघा. खरवड गळाजवळच्या चार बोटांतच असेल तर माशाच्या दातांचं काम. शिवडा हा शिकारी मासा, त्याच्या जबड्यात कानशीसारखे बारीक दात ओळीने असतात, साधा तंगूस त्यावर टिकत नाही. त्याच्यासाठी शेवटचा हातभर तुकडा दुप्पट जाडीचा लावा. पण खरवड गळापासून कितीतरी वर, काठीच्या बाजूला असेल, तर ती होडीच्या बुडाची किंवा काठाची आहे.

आणि गळच परत आला तर? तो सरळ झाला असेल तर बारीक होता किंवा ब्रेक घट्ट होता. गळ जागच्या जागी आणि त्याच्या टोकाला एक मोठा खवला चिकटलेला असेल तर मासा तोंडात लागलाच नव्हता, अंगाला बाहेरून ओरखडला होता. तो गेला त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

त्या हिवाळ्यात माझ्या काडेपेटीत सात टोकं जमली. पाच खरखरीत होती, आणि पाचांपैकी चारांची खरवड वरच्या अंगाला. मी चुकीच्या बाजूला बसत होतो, बस्स.

दोरी होडीखाली जाते

बाजूचं गणित कागदावर काढलं की हसू येतं, पण होडीत बसल्यावर ते डोक्यातून जातं. होडीवर वारा लागतो, म्हणून ती पळते. पाण्यात बुडालेल्या आमिषावर वारा लागत नाही, ते मागे रेंगाळतं. म्हणजे वारा पश्चिमेकडून असेल तर होडी पूर्वेला जाणार आणि आमिष तिच्या पश्चिमेला राहणार. तुम्ही होडीच्या पश्चिमेकडच्या काठावर, म्हणजे वारा तोंडावर घेऊन बसला असाल, तर दोरी तुमच्यापासून दूर, मोकळ्या पाण्यात ताणली जाते. तुम्ही वाऱ्याला पाठ करून पूर्वेकडच्या काठावर बसलात तर होडी तुमच्याच दोरीवर चढत जाते. दोरी बुडाखालून पलीकडे निघते. मासा लागेपर्यंत हे समजतही नाही. लागला की ताणलेली दोरी फायबरच्या कडेवर करवतीसारखी चालते.

वाऱ्याला पाठ करून बसणं माणसाला बरं वाटतं. डिसेंबरात सकाळी गार वारा तोंडावर कोण घेणार? मी तीन हिवाळे कानटोपी घालून, वाऱ्याला पाठ देऊन आरामात बसलो होतो. मामा समोर, वाऱ्याकडे तोंड करून. मला वाटायचं त्यांना सवय आहे.

याला अपवाद एकच. तळाला शिसं न सोडता हलकं आमिष किंवा चमचा, म्हणजे चमकत्या पत्र्याचं खोटं आमिष, पुढे फेकून लगेच गुंडाळत यायचं असेल, तर होडी जिकडे चालली तिकडेच फेकायचं. कारण तिथलं पाणी अजून होडीच्या सावलीने बिचकलेलं नसतं. पण मग गुंडाळण्याचा वेग होडीच्या वेगापेक्षा जास्त हवा, नाहीतर दोरी सैल राहते आणि चावा कळत नाही.

दोघं-तिघं असाल तर सगळ्यांनी वाऱ्याकडच्या एकाच काठाला गर्दी करू नका. लहान होडी तेवढ्याने कलते. दोन टोकांना दोघं बसा, तिसऱ्याने मध्ये तळाशी बसून चहा ओतावा.

होडी फार पळते

ही दुसरी मोठी खोड, आणि माझ्या मते निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. वेग आधी मोजा. मोबाइलच्या नकाशात एक खूण टाका, एक मिनिट थांबा, दुसरी खूण टाका आणि अंतर बघा. मिनिटाला 30 मीटर म्हणजे ताशी 1.8 किलोमीटर. तळाशी आमिष फिरवून शिवडा, शिंगाडा असले शिकारी मासे धरायचे तर हा वेग मला वरची हद्द वाटतो. त्याच्या निम्मा असेल तर उत्तम.

मोबाइल काढायचा नसेल तर दोरीच्या तिरपेपणावरून ओळखा. दोरी सरळ उभी असेल तर होडी थांबल्यात जमा. 45 अंशांत तिरपी असेल तर 10 मीटर खोल पाण्यात तळ गाठायला 14 मीटर दोरी लागते. उभ्या रेषेपासून 60 अंश कलली की 20 मीटर लागते. प्रत्यक्षात दोरीला पोट येतं, म्हणून त्याहूनही जास्त. तुम्ही 15 मीटर सोडून निवांत बसलेले असता आणि आमिष तळापासून माणूसभर उंच, पाण्याच्या मध्यावर पतंगासारखं फिरत असतं. मासा तळाला, आमिष अधांतरी. मग म्हणायचं आज चावाच नाही.

लोक यावर शिसं वाढवतात. थोडं चालतं. पण जड शिसं खोडात अडकतं, आणि मासा आमिष तोंडात घेताच त्याला ते वजन जाणवतं. खरा उपाय होडीला मागून धरून ठेवण्याचा. नांगर नव्हे, कारण नांगराने होडी थांबते. पाण्यात उघडणारी पिशवी हवी, छत्रीसारखी. समुद्रावरचे लोक विकतची वापरतात. आपल्याकडे खताच्या गोण्या काय कमी आहेत?

पहिल्यांदा मी युरियाची 45 किलोवाली एकच गोणी तोंडाला तारेचं कडं लावून सोडली. काडीचा फरक पडला नाही. होडी आडवी असली की तिचं बूडच पाण्याला एवढं अडवतं की त्यापुढे एका गोणीची काय कथा. मग तीन गोण्या उसवून पसरल्या, दाभण आणि सुतळीने एकाला एक शिवल्या आणि भलामोठा बाहीसारखा नळा केला. तोंडाला ठिबकच्या 16 मिलिमीटर नळीचं कडं, आत जाड जस्ती तार घालून. व्यास साधारण एक मीटर भरला. ठिबकची नळी हलकी, त्यामुळे तारेसकट कडं दगडासारखं बुडत नाही. खालच्या बाजूला एक मोठा नटबोल्ट टांगला की तोंड उभं राहतं. मागचं टोक चुण्या घालून बांधलं, पण हाताचा पंजा जाईल एवढं भोक ठेवलं. हे भोक विसरू नका. पाण्याला बाहेर पडायला वाट नसेल तर पिशवी वेड्यासारखी डावी-उजवीकडे धावते आणि होडीला हिसके देते. तोंडाला चार दोऱ्या, चारही एका कडीत, आणि कडी व होडीच्या दोराच्या मध्ये गोल फिरणारी फिरकी. फिरकीशिवाय दोराला असे पीळ पडतात की सोडवताना दुपार होते.

आमच्या सोळा फुटी होडीचा वेग त्या दिवशीच्या वाऱ्यात मिनिटाला 40 मीटरवरून 22 वर आला. मामांनी दोर हातात धरून बघितला. "बैल बांधल्यावानी वाटतंय," म्हणाले. त्यानंतर त्यांनी जाळी टाकतानाही ती मागून नेली, ती मला दोन महिने परत मिळाली नाही.

बांधायची कुठे, हा प्रश्न नीट समजून घ्या. वारा हलका असेल तर वाऱ्याकडच्या काठाला, होडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकातून दोर घेऊन मध्ये एकत्र करून बांधा. होडी आडवी सरकते, पिशवी मध्ये पाच-सहा मीटरवर राहते आणि दोन टोकांच्या दोन काठ्यांना आपापलं पाणी मिळतं. लाटा उठायला लागल्या की आडवी होडी धोक्याची. तेव्हा दोर नाळेला, होडीच्या पुढच्या टोकाला, घ्या, म्हणजे होडीचं तोंड लाटेकडे राहील. मागच्या बाजूला, जिथे इंजिन असतं आणि काठ सगळ्यात बुटका असतो, तिथे कधीही बांधू नका. पिशवी मागचा भाग खाली ओढते आणि लाट थेट आत येते. पिशवीच्या शेपटाला एक वेगळी पातळ दोरी बांधून तिचं टोक होडीत ठेवा. ती ओढली की पिशवी उलटी होते, पाणी सोडते आणि एका हाताने आत येते. तोंडाकडून ओढत बसाल तर धरणच ओढताय असं वाटेल.

वेग बरोबर, बाजू बरोबर, तरी चावा नाही

मग खोली चुकते आहे. आपल्या धरणांत सोडलेल्या माशांचं तोंड बघा, ते कुठे जेवतात ते कळतं. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वर वळलेलं. तो वरच्या थरात पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात. मृगळचं तोंड खाली वळलेलं, तो तळ चाळतो. कटल्यासाठी दिवसभर तळावर आमिष ओढणं म्हणजे तळमजल्यावर बेल वाजवून तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाची वाट बघणं. त्याच्यासाठी तरंडी, म्हणजे दोरीवरचा तरंगता तुकडा, लावा, आमिष मीटर-दीड मीटरवर, आणि होडीपासून 20-30 मीटर लांब जाऊ द्या. वल्हं होडीच्या काठावर आपटलं तरी वरच्या थरातला मासा बिथरतो. शेंगदाण्याची पेंड आणि डाळ्याचं पीठ कणकेत मळलं की काम भागतं. त्यात कोण काय काय गुप्त मसाला घालतं त्याच्या नादी मी लागत नाही. कटला तरंडी सपकन बुडवत नाही. ती जरा वर उचलल्यासारखी होते किंवा बाजूला सरकते. तेवढ्यावरच लक्ष हवं.

शिवडा आणि शिंगाडा हे तळाचे शिकारी, संधिप्रकाशात आणि रात्री जास्त फिरतात. त्यांच्यासाठी पहाट धरा. शिवडा एकेकाळी गोदावरीच्या डोहांत भरपूर होता, असं जुनी माणसं सांगतात. आज जगाच्या पातळीवर त्याची नोंद संकटग्रस्त जातींत झाली आहे. अंड्यांनी फुगलेली मादी लागली तर मी सोडतो. मामा सोडत नाहीत, आणि त्यांचं पोट त्यावर आहे म्हणून मी काही बोलतही नाही. शिंगाड्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांना मात्र जपा. गळ काढताना त्याला फडक्यातच धरायचं.

मरळ या पद्धतीने शोधू नका. तो गवताच्या कडेला, उथळ पाण्यात, वर येऊन हवा घेणारा मासा. वाहत्या होडीचं ते काम नाही.

खोडात अडकतं

मराठवाड्यातल्या धरणांचा तळ म्हणजे बुडालेलं शिवार. बाभळीची खोडं, बांध, विहिरींचे कठडे, उठलेल्या गावांच्या भिंती. नेमके मोठे मासे तिथेच आसऱ्याला असतात, म्हणून ती जागा टाळूनही चालत नाही.

सगळ्यात चांगला नकाशा फुकट मिळतो, फक्त तो उन्हाळ्यात काढायचा असतो. 2016 च्या एप्रिलात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात, आमचं धरण तळाला गेलं होतं. मी भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो आणि मोबाइलवर खुणा टाकत सुटलो: इथे विहीर, इथे तीन खोडं, इथे दगडी ओटा. लोक मला वेडा समजले. पुढे पाऊस झाला, वरून पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी आलं, सगळं झाकलं गेलं, आणि माझ्याकडे तळाचा नकाशा राहिला. दर मे महिन्यात पाणी उतरलं की थोडी भर घालतो. होडी वाऱ्यावर सोडताना त्या खुणांच्या शेजारून जाईल अशी सोडायची, वरून नाही.

दुसरं, शिसं मुख्य दोरीला बांधू नका. त्याला हातभर कच्चा दोरा लावा, मुख्य दोरीच्या निम्म्याहून कमी ताकदीचा. अडकतं ते बहुतेक शिसंच. कच्चा दोरा तुटतो, गोळी जाते, गळ आणि मासा दोन्ही राहतात.

आणि अडकलंच तर ओढू नका. तुम्ही एकीकडून ओढताय आणि वाऱ्याने होडी, तीन माणसं, बॅटरी, डबा असं सगळं वजन दुसरीकडून ओढतंय. दोरी काय करील बिचारी? आधी ब्रेक सैल सोडा, वल्ह्यांनी होडी वाऱ्याच्या उलट नेऊन अडकल्या जागेच्या पलीकडे जा आणि ज्या दिशेने गळ शिरला त्याच दिशेने काढा. बऱ्याचदा हलक्या झटक्याने सुटतो. तोडावंच लागलं तर दोरी लाकडाच्या दांडक्याला गुंडाळून तोडा. हाताला कधीच नाही. माझ्या उजव्या तर्जनीवर एक पांढरी रेघ आहे, वायर गुंडाळताना रोज दिसते. बारीक विणीची दोरी होती, हाताला दोन वेढे घेतले होते, आणि नेमकी तेव्हाच वाऱ्याची झुळूक आली.

बुडालेल्या खोडांइतकीच दुसरी अडचण म्हणजे लावलेली जाळी. थर्माकोलचा तुकडा किंवा पाण्याची रिकामी बाटली रांगेत तरंगताना दिसली की तिच्या वाऱ्याकडून होडी सोडू नका. गळ जाळ्यात गुंतला तर आपली दोरी कापायची, जाळं नाही.

मासा लागला, आता?

ब्रेक घरूनच लावून निघा. होडीत अंदाजाने चावी फिरवणं म्हणजे मीटर न लावता फेज तपासणं. स्प्रिंगचा काटा घ्या, दोरीचं टोक त्याच्या आकड्याला बांधा, काठी वाकवून ओढा. दोरी 10 किलोची असेल तर काटा अडीच-तीन किलो दाखवताना रील सुटायला हवी. बस्स, त्याहून घट्ट नाही. हे कमी वाटतं, मलाही वाटलं होतं. पण काठीवर काम करणारा एकटा मासा नसतो, होडीही मागे सरकत असते. शिवाय तंगूस भिजला की कोरड्याहून थोडा कमजोर होतो, गाठीपाशी आणखी. विणलेली दोरी तर ताणली तरी लांबत नाही, तिथे गळ ओठ फाडून बाहेर येतो. विणलेली वापरत असाल तर पुढे सात-आठ मीटर तंगूस जोडा, तो रबरासारखा हिसका पितो.

गळ गोल वळणाचा, टोक आत वळलेला घेतला असेल तर झटका मारू नका. मासा आमिष घेऊन वळतो, होडी सरकत असते, दोरी ताणते आणि गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. झटका माराल तर तो तोंडातून तसाच बाहेर येईल. मला ही सवय मोडायला एक वर्ष गेलं. साध्या गळाला मात्र झटका लागतो.

लागल्याबरोबर दुसऱ्या माणसाचं काम: शेपटाच्या दोरीने पिशवी आत. मग उरलेल्या काठ्या आत. ज्याला मासा लागला त्याने या गोष्टी करायच्याच नाहीत, आणि ज्याला लागला नाही त्याने सल्ले द्यायचे नाहीत. पिशवी आत आली की होडी मोकळी होते, आणि इथेच काठावर बसून गळ टाकणाऱ्यापेक्षा आपला फायदा असतो. मासा ओढेल तिकडे हलकी होडी थोडी जाते. मोठा शिवडा पहिल्या दोन धावांत होडीची नाळ स्वतःकडे वळवतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तो होडी ओढतोय तर ओढू द्या, दमतोय तो. बुडाखाली शिरायला लागला तर काठीचं टोक पाण्यात खुपसा आणि होडीच्या नाळेला वळसा घालून दोरी पलीकडे आणा. वर ओढायला जाल तर काडेपेटीत आठवं टोक जमा होईल.

शेवटच्या दोन मीटरांत सगळ्यात जास्त मासे जातात. मासा होडी बघतो आणि आणखी एक धाव घेतो. त्यासाठी ब्रेक तेवढाच ठेवा, घट्ट करू नका. मासा वाऱ्याकडच्या अंगालाच आणा. दुसऱ्या अंगाला आणलात तर होडी त्याच्यावर चढते. हातजाळं आधी पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा डोक्याकडून त्यात ओढून आणा. जाळं घेऊन त्याच्यामागे धावायचं नाही. शेपटाकडून घालायला गेलात तर एक फटका आणि संपलं. एकाने बसूनच जाळं धरावं. दोघंही उठून एकाच काठाला वाकले की होडी उलटायला पुरते. लाइफ जॅकेट अंगात हवं. बुडाखाली उशी करून ठेवलेलं लाइफ जॅकेट कुणाला वाचवत नाही.

दोन गोष्टी या सगळ्याच्या आधीच्या. धरणातल्या मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी संस्थांकडे ठेक्याने असतो, त्यांना विचारल्याशिवाय होडी पाण्यात घालू नका. पैठणचा नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे वन विभागालाही विचारावं लागतं. आणि वळवाचे किंवा परतीच्या पावसाचे ढग काळे झाले, गडगडलं, की काठी आडवी ठेवून थेट काठ गाठा. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, आणि सपाट पाण्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता. मामा तर ढगाआधी वाऱ्यावरून ओळखतात. चालता वारा एकदम पडला, पाणी तेलासारखं झालं, की ते काही न बोलता इंजिनाची दोरी ओढतात. तेव्हा माझ्या काठीला मासा लागलेला असला तरी ते थांबत नाहीत. गेल्या वर्षी एक असाच गेला. त्याचं टोक कुरळं होतं. गाठ ओली करायची मीच विसरलो होतो.